सूर्य सावकाश का जळतो आणि लोखंडापाशी घोडं का अडतं

इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढा तुकडा सूर्याच्या अगदी मध्यातून कापून काढला अशी कल्पना करा. त्याचं वजन भरेल साधारण 150 टन. तापमान 1 कोटी 57 लाख अंश. (इतक्या वर गेल्यावर सेल्सिअस आणि केल्विन यांच्यातला 273चा फरक कुणी मोजत नाही, म्हणून या लेखात नुसतं ‘अंश’ म्हणू.) या तुकड्यात उष्णता किती तयार होत असेल? जेमतेम 275 वॉट. घरातले छताचे तीन-चार पंखे खातात तेवढी. तेवढ्याच आकारमानात चौदा माणसं मावतात, आणि बसल्या जागी माणसाचं शरीर 100 वॉटच्या आसपास उष्णता टाकतं. म्हणजे लिटरमागे हिशेब केला तर आपलं शरीर सूर्याच्या गाभ्याच्या पाचपट उष्णता तयार करतं.

‘सूर्य म्हणजे सतत फुटणारा हायड्रोजन बॉम्ब’ हे वाक्य सर्रास वाचायला मिळतं, आणि विषय समजून घ्यायला तेच सगळ्यात जास्त आड येतं. बॉम्बमधलं इंधन सेकंदाच्या दशलक्षांश भागात खलास होतं. सूर्याचं इंधन 460 कोटी वर्षं जळतंय आणि अजून जवळपास तेवढंच पुरणार आहे. सूर्य इतका तेजस्वी दिसतो कारण तो अवाढव्य आहे. त्याच्या गाभ्यातलं अणुसंमीलन, म्हणजे हलकी केंद्रकं जुळून जड केंद्रक होणं, मात्र कमालीचं रखडत चालतं. ते नेमकं कुठे रखडतं हे पाहिलं की तारे इतके का टिकतात आणि जगात कार्बन, ऑक्सिजन, लोखंड, सोनं एवढ्याच प्रमाणात का आहे, हे दोन्ही उलगडतं.

वजनातली तूट

1920 साली केंब्रिजमध्ये फ्रान्सिस ॲस्टन यांनी अणूंची वस्तुमानं फार काटेकोरपणे मोजली. आजच्या आकड्यांत सांगायचं तर हायड्रोजनच्या चार अणूंचं वस्तुमान 4.0313 एकक भरतं आणि हेलियमच्या एका अणूचं 4.0026. चार हायड्रोजन जोडून एक हेलियम केला तर 0.7 टक्के वस्तुमान गायब. आइन्स्टाइनच्या सूत्रानुसार ते ऊर्जा होऊन बाहेर पडतं. त्याच वर्षी आर्थर एडिंग्टन यांनी जाहीरपणे मांडलं की ताऱ्यांचं इंधन हेच असणार. त्याआधीचा तर्क असा होता की सूर्य स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि त्यातून तापतो. पण तेवढ्यावर सूर्य फक्त दोन-तीन कोटी वर्षं चालला असता, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून कितीतरी जुने निघत होते.

0.7 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. एक किलो हायड्रोजनचा हेलियम झाला की 7 ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा होते, आणि तेवढी ऊर्जा मिळवायला 20 हजार टनांहून जास्त दगडी कोळसा जाळावा लागेल. सूर्यात दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यात 42 लाख टन वस्तुमान ऊर्जेत जातं. तरीही जन्मापासून आजवर सूर्याने अशा रीतीने आपल्या वस्तुमानाचा फक्त 0.03 टक्के भाग खर्च केलाय.

सूर्यात इतका हायड्रोजन आहे हे मात्र 1920मध्ये कुणाला माहीत नव्हतं. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषा भरपूर दिसतात, म्हणून तो पृथ्वीसारख्याच द्रव्याचा असेल असं मानत. मेघनाद साहांचं आयनीभवनाचं समीकरण इथे कामी आलं. कोणत्या तापमानाला कोणत्या मूलद्रव्याच्या रेषा ठळक दिसतील हे ते सांगतं, त्यामुळे रेषांच्या ठळकपणावरून खरं प्रमाण काढता येतं. ते वापरून सेसिलिया पेन यांनी 1925मध्ये दाखवलं की ताऱ्यांत सगळ्यात जास्त हायड्रोजन आणि त्याखालोखाल हेलियम आहे.

पहिली भिंत आणि त्यामागची दुसरी

हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, कारण दोघांवरही धनप्रभार. त्यांना जोडणारं तीव्र केंद्रकीय बल फक्त एका मिलिमीटरच्या लाखकोटीव्या भागाइतक्या अंतरात काम करतं. तिथवर पोचायला साधारण 10 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा हवी. सूर्याच्या मध्यभागी धावणाऱ्या प्रोटॉनकडे सरासरी असते 2 हजार. पाचशेपट कमी. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे सूर्य पेटूच शकत नाही, आणि एडिंग्टन यांना त्या काळी हेच ऐकवलं जात होतं.

वाट सापडली ती क्वांटम सिद्धांतात. 1928मध्ये जॉर्ज गॅमो यांनी दाखवलं की कण म्हणजे नेमका एक ठिपका नसतो. भिंतीवरून उडी मारण्याइतकी ऊर्जा नसली तरी भिंतीच्या पलीकडे सापडण्याची थोडीशी शक्यता त्याला असते. याला टनेलिंग म्हणतात. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲटकिन्सन आणि फ्रिट्झ हाउटरमान्स यांनी ते ताऱ्यांना लावून पाहिलं. सरासरीपेक्षा तिप्पट-चौपट ऊर्जा असलेले थोडेसे प्रोटॉन आणि टनेलिंगची बारीकशी शक्यता, या दोहोंच्या जोरावर काम निघतं.

पण भिंत ओलांडूनही भागत नाही. दोन प्रोटॉनांचं जोडकेंद्रक टिकतच नाही, ते लगेच फुटतं. टिकायचं असेल तर भेटीच्या त्या क्षणातच एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हायला हवा, आणि ते क्षीण बलाचं काम आहे. नावाप्रमाणेच ते फार क्वचित घडतं. त्यामुळे सूर्याच्या गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी 1000 कोटी वर्षांच्या घरात काळ लागतो. सूर्य टिकतो तो या दुसऱ्या अडचणीमुळे. गाभ्यात प्रोटॉन इतके असंख्य आहेत की प्रत्येकाची पाळी युगानुयुगांनी येत असली तरी कुणाची ना कुणाची पाळी प्रत्येक क्षणी असते.

एकदा हा पहिला टप्पा झाला की पुढचं भराभर उरकतं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ड्युटेरियम बनतो, सोबत एक पॉझिट्रॉन (धनप्रभाराचा इलेक्ट्रॉन) आणि एक न्यूट्रिनो (कशालाही फारसा न अडणारा, जवळपास वजनहीन कण) सुटतो. ड्युटेरियम काही सेकंदांतच आणखी एक प्रोटॉन गिळतो आणि हेलियम-3 होतो (आकडा म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती). मग काही लाख वर्षांनी दोन हेलियम-3 एकमेकांना भेटतात. त्यातून एक साधा हेलियम-4 तयार होतो आणि दोन प्रोटॉन मोकळे होतात. एकूण मिळकत 26.73 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यातले दोनेक टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. साधारण सहातून एकदा शेवटचा टप्पा बेरिलियम-7 मधून जातो, पण निष्पत्ती तीच.

आत हेच चाललंय याचा पुरावा न्यूट्रिनोच देतात. प्रकाशाला गाभ्यातून पृष्ठभागाशी यायला ठेचकाळत ठेचकाळत हजारो-लाखो वर्षं जातात, न्यूट्रिनो मात्र सव्वादोन सेकंदांत सूर्याबाहेर आणि सव्वाआठ मिनिटांत आपल्यापाशी. पृथ्वीवर दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे 6500 कोटी सौर न्यूट्रिनो आरपार जातात. अमेरिकेत साउथ डकोटातल्या होमस्टेक खाणीत जवळजवळ दीड किलोमीटर खोलीवर रेमंड डेव्हिस यांनी कपडे ड्रायक्लीन करायच्या द्रवाची जवळपास चार लाख लिटरची टाकी ठेवून 1960च्या दशकाच्या अखेरीपासून ते मोजले. अपेक्षेच्या एक-तृतीयांशच सापडले. सूर्याचं गणित चुकलं अशी शंका तीस वर्षं घेतली गेली. शेवटी कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने 2001-02मध्ये दाखवलं की गणित बरोबर होतं. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलत होते आणि डेव्हिस यांची टाकी फक्त एकच प्रकार पकडत होती.

स्वतःला सावरणारी भट्टी

संमीलनाचा वेग तापमानाला फार नाजूक असतो. सूर्यातल्या प्रोटॉन साखळीत तापमान 1 टक्का वाढलं की वेग 4 टक्के वाढतो. मग सूर्य भडकत का नाही? गाभा जरा जास्त तापला की वायूचा दाब वाढतो, गाभा फुगतो, आणि फुगला की थंड होतो, संमीलन मंदावतं. जरा थंडावला की वरच्या थरांचं ओझं त्याला दाबतं, तो पुन्हा तापतो. इस्त्रीतला थर्मोस्टॅट जे करतो तेच इथे गुरुत्वाकर्षण करतं. ही व्यवस्था एका अटीवर चालते: तापमान वाढलं की दाब वाढला पाहिजे. ही अट मोडली की काय होतं ते पुढे येईलच.

सूर्याच्या वस्तुमानाच्या 8 टक्क्यांहून हलका गोळा असेल तर गाभा पुरेसा तापण्याआधीच इलेक्ट्रॉन इतक्या दाटीवाटीने बसतात की आकसणं थांबतं. असा गोळा तारा होत नाही, तपकिरी बटू म्हणून निवत जातो. उलट सूर्याच्या सव्वापटीहून जड ताऱ्यांत दुसरीच साखळी वरचढ होते. तिच्यात कार्बनचं केंद्रक एकामागून एक चार प्रोटॉन झेलतं, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रूपांतून फिरतं, शेवटी हेलियम टाकून पुन्हा कार्बन होतं. 1938-39मध्ये हान्स बेथे आणि कार्ल फॉन वाइत्सॅकर यांनी ती शोधली. तिचा सगळ्यात मंद टप्पा नायट्रोजन-14चा आहे, त्यामुळे रहदारी तुंबते ती तिथेच आणि फिरणारा बहुतेक कार्बन नायट्रोजन होऊन साठतो. आपण श्वासात घेतो त्या हवेतला 78 टक्के नायट्रोजन मुख्यतः या तुंबण्यातून आलेला आहे. सूर्यातही ही साखळी चालते, पण ऊर्जेतला तिचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने तिचे न्यूट्रिनो 2020मध्ये प्रत्यक्ष पकडले.

पाच आणि आठची खाच

हायड्रोजन संपून गाभ्यात हेलियम साठला की पुढे काय? हेलियम अधिक प्रोटॉन म्हणजे 5 वस्तुमानांकाचं केंद्रक. असं टिकाऊ केंद्रक निसर्गात नाही. हेलियम अधिक हेलियम म्हणजे 8, तेही नाही. विश्वाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढंच बनून गाडी थांबली ती या खाचेमुळेच.

तारे ही खाच ओलांडतात ती तापमान, घनता आणि भरपूर वेळ यांच्या बळावर. 10 कोटी अंशाला दोन हेलियम मिळून बेरिलियम-8 होतो. त्याचं अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं मोडायला लागणारा वेळ) आहे 1 सेकंदाला दहा कोटींनी भागून पुन्हा दहा कोटींनी भागा, साधारण तेवढं. तरी बनणं आणि मोडणं अखंड चालू असल्यामुळे शंभर कोटी हेलियम केंद्रकांमागे एखादा बेरिलियम-8 कायम हजर असतो. त्याला मोडायच्या आत तिसरा हेलियम येऊन भिडला की कार्बन-12.

हिशेब केला तर हे फारच तुटपुंजं निघतं, जगात दिसणारा कार्बन यातून होणं शक्य नाही. डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक फ्रेड हॉइल यांनी इथे उलटा विचार केला: कार्बन तर आहे, म्हणजे कार्बनच्या केंद्रकाला 7.7 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे. तीन हेलियम नेमक्या तेवढ्या ऊर्जेने भेटतात आणि पातळी जुळली की जोडणी कोट्यवधीपटीने सोपी होते. 1953मध्ये कॅलटेकच्या प्रयोगशाळेत शोध घेतला आणि पातळी सापडली, 7.65वर. असं भाकीत करून केंद्रकाचा गुणधर्म सापडल्याचं याहून देखणं उदाहरण मला तरी माहीत नाही. त्यातही मेख आहे: या पातळीला पोचलेली दहा हजार केंद्रकं घेतली तर जवळपास सगळी पुन्हा फुटतात, चारेक तेवढी खऱ्या कार्बनमध्ये स्थिरावतात.

तयार झालेला कार्बन आणखी एक हेलियम घेऊन ऑक्सिजन-16 होतो. इथे अशीच सोयीची पातळी असती तर सगळा कार्बन ऑक्सिजनमध्ये गेला असता. ऑक्सिजनची पातळी आहे, पण 7.12वर; लागणारी ऊर्जा 7.16 आणि त्याहून जास्त. थोडक्यात हुकते. म्हणून तारे कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही मागे ठेवतात.

हेलियम पेटण्याचा वेग तर तापमानाच्या चाळिसाव्या घाताने वाढतो: 1 टक्का तापमान, दीडपट वेग. आणि सूर्यासारख्या ताऱ्यात तोवर थर्मोस्टॅटची अट मोडलेली असते. दाटीने बसलेल्या इलेक्ट्रॉनांचा दाब तापमानावर अवलंबून नसतो, त्यामुळे गाभा तापला तरी फुगत नाही, संमीलन वाढतच जातं आणि काही क्षण गाभा अब्जावधी सूर्यांइतकी ऊर्जा टाकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ती सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉनांची दाटी सैल करण्यात खपते आणि थर्मोस्टॅट पुन्हा चालू होतो. हीच चूक श्वेत बटूत, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्यात, कार्बन पेटताना झाली तर मात्र सावरायला वाव राहत नाही. 1.4 सूर्यांच्या मर्यादेजवळ, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेजवळ पोचलेला श्वेत बटू काही सेकंदांत पूर्ण उधळून जाऊ शकतो आणि अर्ध्या सूर्याइतकं द्रव्य लोखंडाच्या गटात बदलून टाकतो. आपल्या रक्तातल्या लोखंडाचा मोठा वाटा अशा स्फोटांचा.

घाईचे शेवटचे दिवस

सूर्याच्या 25पट जड तारा घ्या. त्याचा हायड्रोजन सुमारे 70 लाख वर्षं पुरतो, हेलियम 5 लाख. मग गाभा 90 कोटी अंशांपर्यंत तापून कार्बन पेटतो: 600 वर्षं. निऑन: एक वर्ष. ऑक्सिजन: सहा महिने. सिलिकॉन, 400 कोटी अंशांना: एक दिवस.

ही घाई दोन कारणांनी होते. एक म्हणजे पुढच्या प्रत्येक इंधनातून किलोमागे मिळणारी ऊर्जा कमी कमी होत जाते. सगळ्यात मोठी कमाई पहिल्याच टप्प्यात झालेली असते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कार्बनपासून पुढे गाभा इतका तापलेला असतो की प्रकाशातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनतात आणि त्यातल्या काही जोड्या न्यूट्रिनोंमध्ये विरतात. न्यूट्रिनो ताऱ्याला न जुमानता थेट बाहेर पडतात. तळ फुटलेल्या घागरीत पाणी भरत राहावं तसं होतं. गाभ्याला टिकून राहायला इंधन कितीतरी वेगाने जाळावं लागतं. बाहेरच्या थरांना याची खबरच नसते. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी असा जड तारा आहे, पण नुसता बघून त्याच्या गाभ्यातला नेमका दिवस ओळखता येत नाही.

सिलिकॉन ‘जळणं’ म्हणजे दोन सिलिकॉन एकमेकांना चिकटणं नव्हे; त्यांच्या प्रभाराची भिंत तेवढ्या तापमानालाही फार उंच आहे. प्रखर गॅमा किरण काही केंद्रकं फोडतात, त्यांतून हेलियमचे तुकडे सुटतात आणि उरलेली केंद्रकं ते गिळत चढत जातात: सिलिकॉन-28, गंधक-32, अरगॉन-36, कॅल्शियम-40, टायटॅनियम-44, क्रोमियम-48, लोखंड-52, निकेल-56. इथे घोडं अडतं. लोखंड-निकेलच्या आसपास केंद्रकातले कण सगळ्यात घट्ट बांधलेले असतात, कणामागे 8.8 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याच्या पुढे जोडायला गेलं तर ऊर्जा मिळत नाही, पदरची घालावी लागते.

लोखंड बनलं की त्याच क्षणी तारा मरतो असं लिहिलेलं आढळतं. तसं नसतं. लोखंडाचा गाभा काही काळ इलेक्ट्रॉनांच्या दाबावर तग धरतो. तो साधारण 1.4 सूर्यांइतका भरला की दोन गोष्टी एकदम घडतात. गॅमा किरण लोखंडाचं केंद्रक फोडून 13 हेलियम आणि 4 न्यूट्रॉन करतात, आणि त्यात दर केंद्रकामागे 124 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्ची पडतात. लाखो वर्षं जे कमावलं ते क्षणात परत द्यावं लागतं. शिवाय आधार देणारे इलेक्ट्रॉनच प्रोटॉनांमध्ये शिरून न्यूट्रॉन होतात. आधार गेला. पृथ्वीच्या आकाराचा गाभा सेकंदाहून कमी वेळात काही दहा किलोमीटरांचा होतो, कोसळण्याचा वेग प्रकाशाच्या चौथाईपर्यंत. न्यूट्रॉनांचं द्रव्य आणखी दबेना झालं की उसळी बसते. ती धक्कालहर वाटेत थबकते आणि न्यूट्रिनोंच्या उष्णतेने पुन्हा जोर धरते. बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा 99 टक्के भाग न्यूट्रिनोंचाच असतो.

23 फेब्रुवारी 1987 रोजी हे प्रत्यक्ष मोजता आलं. मोठ्या मॅजेलनिक मेघातल्या ताऱ्याच्या स्फोटाचे पंचवीसेक न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांत काही सेकंदांत सापडले, प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी. नंतरचा उजेडही बोलका होता: निकेल-56चं अर्धायुष्य 6 दिवस, त्यातून झालेल्या कोबाल्ट-56चं 77 दिवस, आणि शेवटी लोखंड-56. स्फोटाचं तेज पुढे बरोबर 77 दिवसांच्या हिशेबाने मंदावत गेलं.

लोखंडाच्या पुढे: न्यूट्रॉनची चोरवाट

सोनं, शिसं, चांदी हे संमीलनाने बनत नाहीत, आणि सगळंच सुपरनोव्हात, म्हणजे ताऱ्यांच्या अशा स्फोटांत, बनतं हेही खरं नाही. न्यूट्रॉनला प्रभार नसतो, म्हणून भिंतीचा प्रश्नच नाही. तो थेट केंद्रकात शिरतो. मग एखादा न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलला की मूलद्रव्य एक पायरी वर.

लोखंडापलीकडची साधारण निम्मी द्रव्यं म्हाताऱ्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांत सावकाश बनतात. तिथे कार्बन-13 आणि निऑन-22 हेलियमशी भिडले की न्यूट्रॉन सुटतात. एका केंद्रकाला न्यूट्रॉन मिळतो तो वर्षा-वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. ही वाट बिस्मथपाशी संपते. पुरावा 1952मध्ये पॉल मेरिल यांना मिळाला: अशा ताऱ्यांत टेक्नेशियमच्या रेषा. टेक्नेशियमचं एकही समस्थानिक (न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेलं रूप) टिकाऊ नाही, सगळ्यात दीर्घायुषी सुद्धा काही दशलक्ष वर्षांत निम्मं होतं. म्हणजे ते त्या ताऱ्यातच नुकतं बनलेलं होतं.

सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांना मात्र न्यूट्रॉनचा धोधो पाऊस लागतो, सेकंदाभरात डझनावारी. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन तारे (कोसळलेल्या गाभ्यांचे उरलेले न्यूट्रॉनांचे गोळे) एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी आल्या, 13 कोटी प्रकाशवर्षांवरून. 1.7 सेकंदांनी गॅमा किरण, मग काही दिवस तांबूस होत जाणारा उजेड, जो जड केंद्रकांच्या किरणोत्साराशी जुळत होता. त्याच्या वर्णपटात पुढे स्ट्रॉन्शियम ओळखता आलं. या टकरीच्या रेडिओ लहरी नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही टिपल्या. सगळं सोनं अशा टकरींतूनच आलं की काही दुर्मीळ स्फोटांचाही त्यात वाटा आहे, यावर वाद चालू आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहत असलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा सुरू झाली की अशा टकरी आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे जास्त अचूक सांगता येईल आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतील.

सूर्याच्या वाट्याला यातलं फारसं येणार नाही. त्याच्या मध्यावरचा हायड्रोजन 71 टक्क्यांवरून निम्म्यावर आलाय. सुमारे 500 कोटी वर्षांनी तो संपेल, मग हेलियम पेटेल, कार्बन-ऑक्सिजनचा गाभा बनेल. कार्बन पेटवायला किमान 60 कोटी अंश लागतात आणि एवढ्या वस्तुमानाचा गाभा तिथवर तापत नाही. बाहेरचे थर निघून जातील आणि मागे पृथ्वीएवढा श्वेत बटू राहील. तसा एक आजही जवळच आहे, व्याधाचा अंधुक जोडीदार: वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा, आत संमीलन बंद, आणि उरलेली ऊब हळूहळू बाहेर जातेय.